विमान धावपट्टीवर, वैमानिक रजेवर

आधी तोंडाला मास्क लावा. नसेल तर रुमालाची तिकोनी घडी करून मागे गाठ मारा, तेही चालेल. सप्टेंबर २००९ आहे. ऑगस्टभर स्वाइन फ्लूनं पुण्याची झोप उडवली, आणि उघड्या तोंडानं फिरणाऱ्याकडे लोक अजूनही वळून बघतात. रिक्षावाल्यानं आरशाला कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी टांगलीय. तिच्या उग्र वासानं तुमचे डोळे चुरचुरतात. विसर्जनाला पाच दिवस झालेत, पण लक्ष्मी रस्त्याच्या कडेला मंडपांचे बांबू अजून पडून आहेत आणि गटारांच्या काठी गुलालाचा गाळ सुकलाय. पितृपंधरवडा लागलाय. आज मंगळवार, आठ तारीख. तुम्हाला दुपारच्या विमानानं दिल्ली गाठायचीय, तिकीट जेट एअरवेजचं आहे.

येरवड्यापुढे नगर रस्त्यावर धूर, हॉर्न आणि घाम. पाठ रेक्झिनला चिकटते. रिक्षावाला रेडिओचा आवाज वाढवतो आणि मान वळवून विचारतो, ‘‘साहेब, जेटचं का? मग कशाला चाललाय?’’

लोहगावच्या दारातच उत्तर मिळतं. एवढ्याशा टर्मिनलमध्ये लग्नघराइतकी माणसं कोंबलीत. बॅगांवर बॅगा रचल्यात, त्यावर मुलं झोपलीत. वातानुकूलन आहे, पण इतक्या श्वासांपुढे ते काय पुरणार? मास्कच्या आतली ओलसर वाफ तुमच्याच नाकात परत येते. फलकावर एकेका उड्डाणापुढे ‘रद्द’ उमटतंय. कुणी खोकलं की त्याच्याभोवती हातभर जागा आपोआप मोकळी होते. गर्दीत सुखानं उभं राहायचा तेवढा एकच मार्ग आज उरलाय.

बातमी फोनवरून फोनवर पसरते. जेटचे वैमानिक आजारी पडलेत. चारशेहून जास्त वैमानिक, सगळे एकाच दिवशी.

‘‘आजारी!’’ तुमच्या पुढचे गृहस्थ मास्क खाली ओढून गरजतात. ‘‘खरे आजारी नायडू हॉस्पिटलसमोर रांगा लावून उभे होते, ते आम्ही पाहिलेत!’’ आजूबाजूचे माना डोलावतात, आणि तुमचीही मान डोलते. या शहरानं महिनाभरात जे सोसलंय, त्यानंतर ‘आजारी’ हा शब्द असा वापरलेला कुणालाही बोचेल.

काउंटरवरच्या मुलीचा आवाज बसलाय. ना संप तिनं पुकारलाय, ना कुणाला नोकरीवरून तिनं काढलंय, पण दिवसभराचा सगळा राग तिच्याच काचेवर आदळतोय. तिच्यासमोर एक बाई आहेत. त्यांची आई बंगळुरूला दवाखान्यात आहे. त्या ओरडत नाहीत, फक्त तिकिटाचा कागद पुन्हा पुन्हा पुढे सरकवतात. त्या कागदाकडे बघताना संपाची कुठलीही बाजू घेणं सोपं वाटत नाही.

एवढ्यात खिडक्या थरथरतात. कानात बोटं घाला! हा तळ हवाई दलाचा, इथं प्रवासी विमानं पाहुणी. सुखोई धावपट्टी सोडतं आणि छातीच्या पिंजऱ्यात घुमत राहतं. अर्धं मिनिट सगळी भांडणं थांबतात.

आवाज विरल्यावर शेजारचे पांढऱ्या मिशांचे काका बोलतात. मुलीला सोडायला आलेत. टेल्कोतून निवृत्त. ‘‘रजा का टाकली, विचारा ना. संपाची नोटीस दिली होती त्यांनी. कामगार आयुक्तांकडं समेटाची बोलणी चालू असली की संप बेकायदा ठरतो. म्हणून हा आजार.’’

‘‘पण लाखांत पगार आहेत हो त्यांचे! आणखी किती हवेत?’’

‘‘पगारासाठी नाहीये हे. त्यांनी संघटना काढली, नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड. पुढाकार घेणाऱ्या दोघांना कंपनीनं घरी पाठवलं. त्यांना परत घ्या, एवढंच मागणं आहे.’’

काकांचा हात नकळत गुडघ्यावर जातो. वीस वर्षांपूर्वी, याच महिन्यात, टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते. पोलिसांनी पहाटेच्या अंधारात त्यांना गाड्यांत भरून नेलं. काका त्यात होते की नव्हते, ते सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, ‘‘पुढच्या माणसाला उचललं की मागच्यांनी काय करायचं असतं, ते आम्हाला ठाऊक आहे.’’

मग तुम्हाला गेल्या दिवाळीच्या तोंडावरचं दृश्य आठवतं. याच कंपनीनं एकोणीसशे माणसांना कमी करायचं ठरवलं होतं. गणवेशातल्या हवाई सुंदरी मुंबईत रस्त्यावर उतरून रडत होत्या, टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. बोभाटा झाला, राजकारणी धावले आणि एक-दोन दिवसांत निर्णय फिरला. पण दर वेळी कॅमेरे कुठून येणार? हातात संघटना असावी असं कॉकपिटमधल्या माणसाला वाटणं मला अगदी रास्त वाटतं. गलेलठ्ठ पगार असला म्हणून संघटना करायचा हक्क कापून घेता येत नाही.

तुम्हाला मात्र आता निघायला हवं. दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं चढ्या भावात गेलीत. टॅक्सीनं मुंबई गाठावी, तर तिथं याहून मोठा गोंधळ. राहता राहिली झेलम. संध्याकाळी पाचनंतर पुणे स्टेशनवरून सुटते. फलाटावर गरम वड्याचा आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळलाय. जनरलच्या दारात खांदा घाला, लाजू नका. दौंडपर्यंत एका पायावर, नगरला टेकायला जागा, मनमाडला मध्यरात्रीच्या आसपास चहा. आणि रात्रभर डब्यात हाच वाद. चुरमुऱ्यांचा पुडा या बाकावरून त्या बाकावर फिरतो. त्याच्याबरोबर वैमानिकही फिरतात, कधी माजलेले, कधी बिचारे.

पाच दिवस असेच जातात. शेकडो उड्डाणं रद्द होतात, न्यायालयाची मनाई येते, आणखी वैमानिकांना काढल्याचं कळतं. शनिवारी रात्री उशिरा मालक आणि वैमानिक समोरासमोर बसतात आणि समझोता होतो.

पुढच्या आठवड्यात तुम्ही विमानानं परतता, त्याच कंपनीच्या. लोहगावला चाकं टेकतात, दार उघडतं आणि ओळखीची दमट हवा आत येते. कॉकपिटच्या दाराशी वैमानिक उभा आहे. तुमच्या पुढचा प्रवासी त्याला हसून विचारतो, ‘‘तब्येत कशी आहे आता?’’ तोही हसतो. तुमची पाळी येते. मास्क खाली घेऊन तुम्ही विचारता, ‘‘काढलेल्यांना घेतलं का परत?’’

‘‘हो,’’ तो म्हणतो, ‘‘सगळ्यांना.’’