टाकाऊ लहरींचे पहारेकरी

बिनतारी विद्येच्या पहिल्या वीस वर्षांत एक समजूत सर्वमान्य होती: लहर जितकी लांब, तितका तिचा पल्ला मोठा. समुद्रापार संदेश धाडावयाचा, तर हजारों मीटर लांबीच्या लहरी हव्यात, हें जणूं ठरूनच गेलें होतें. म्हणून १९१२ सालीं अमेरिकेंत बिनतारीचा कायदा झाला, तेव्हां हौशी लोकांच्या वांट्याला २०० मीटर व त्याहून आंखूड लहरी आल्या. ज्या जमिनींत कांहीं पिकत नाहीं, ती धाकट्या भावाच्या नांवें लिहून द्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु पीक आलें. डिसेंबर १९२१ मध्यें अमेरिकेंतील हौशी मंडळींच्या संघानें पॉल गॉडली या जाणत्या गृहस्थास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथें पाठविलें. आपल्या आंखूड लहरींचा आवाज अटलांटिक ओलांडतो कीं नाहीं, एवढेंच त्यानें ऐकावयाचें होतें. कडाक्याच्या थंडींत, वाऱ्यापावसांत, एका तंबूंत कानाला हेडफोन लावून तो रात्रीमागून रात्र बसला. आणि कनेक्टिकट संस्थानांतील ग्रेनिच येथील हौशी केंद्राची टिकटिक त्याला स्पष्ट ऐकूं आली.

तीन वर्षांनीं याहून मोठें आश्चर्य घडलें. लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यूझीलंडमधील फ्रँक बेल याच्याशीं बोलला. हें बोलणें अर्थात् संकेतलिपींतलें होतें. बेल हा ओटागो प्रांतांत मेंढ्यांच्या कुरणावर राहणारा. दोघांमध्यें सुमारें १९,००० किलोमीटरांचें अंतर. पृथ्वीच्या पाठीवर याहून फार दूर जातांच येत नाहीं.

हें घडतें कसें? सूर्याच्या अतिनील किरणांनीं वातावरणाच्या वरच्या थरांतील वायूंचे कण विद्युद्भारित होतात. या आयनांबरांत शिरलेली आंखूड लहर वांकते, पुन्हां भूमीकडे परतते आणि अशा उड्या घेत जगाची प्रदक्षिणा करते. एडवर्ड ॲपल्टन यांनीं १९२४ च्या अखेरीस प्रयोगानें या थराचा पुरावा मिळविला. १९४७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक लाभलें.

लहर आणखी आंखूड केली, सहासात मीटरांवर आणली, कीं ती बहुधा आयनांबर भेदून निघून जाते. म्हणूनच लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नोव्हेंबर १९३६ पासून ४५ मेगाहर्ट्झवर दूरचित्रवाणी सुरू झाली, ती लंडन व आसपासच्या प्रदेशासाठींच. पण तीं वर्षें सूर्यावरील डागांच्या भराचीं होतीं. वरचा थर दाट झाला, आणि नोव्हेंबर १९३८ मध्यें न्यूयॉर्कजवळच्या रिव्हरहेड येथें लंडनचीं चित्रें पडद्यावर उमटलीं. तेथील अभियंत्यांनीं त्यांचें चलच्चित्र घेऊन ठेवलें. डागांचें हें चक्र सुमारें अकरा वर्षांचें. तें भरांत आलें, कीं हौशी श्रोते ३० ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आजही कान लावून बसतात. कित्येक दिवस नुसती खरखर ऐकावी, तेव्हां केव्हां तरी घटकाभर परखंडांतला आवाज येतो आणि विरून जातो. त्या घटकेची तारीख, वेळ व लहर ते वहींत टिपून ठेवतात.

मिल हिलच्या त्या विद्यार्थ्याची कथा मात्र शाळेंत संपत नाहीं. हाच गॉयडर १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानांत आला. देश अवाढव्य, पैसा थोडा. मध्यम लहरींचीं केंद्रें गांवोगांव उभारणें अशक्य. तेव्हां त्यानें भिस्त ठेवली ती आंखूड लहरींवर. १९३८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून त्या लहरी सुटूं लागल्या, आणि जेथें दुसरें कोणतेंच केंद्र पोंचत नव्हतें अशा दूरदूरच्या गांवींही आवाज पोंचला. निरुपयोगी म्हणून हौशी लोकांस दिलेल्या लहरी अशा एका खंडप्राय देशाच्या कामीं आल्या.