पंचरंगी सामने आणि गावची जर्सी

मुंबईच्या पंचरंगी क्रिकेटमध्ये कपडे सगळ्यांचेच पांढरे. रंग होता तो धर्माचा. 1912 ला मुस्लिम संघ आला आणि तिरंगीची चौरंगी झाली. 1937 ला ‘रेस्ट’ आला, मग पंचरंगी. सांगलीचे विजय हजारे अस्सल मराठी, पण ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’मध्ये. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध एका डावात 387 पैकी 309 धावा एकट्या त्यांच्या! गांधीजींनी 1940 मध्येच या वाटणीला विरोध केला होता. 1946 मध्ये हे सामने थांबले.

पाठीवर नाव असलेले रंगीत कपडे विश्वचषकात आले 1992 ला. आज पुसद-दिग्रसकडच्या छोट्या प्रिंटिंग दुकानातही तशी जर्सी होते. डिझाइन कागदावर उलटे छापायचे, हीट प्रेसमध्ये सुमारे 200 अंशांवर दाबायचे. शाईची वाफ होऊन ती धाग्यात मुरते. सुती कापडावर ती टिकत नाही, म्हणून कापूस पिकवणाऱ्या यवतमाळची पोरे पॉलिएस्टर घालतात!

छातीवर गावाचे नाव, पाठीवर पोराचे. राहुल, इम्रान, सिद्धार्थ अशी यादी समोर आली, की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: नंबर काय, साइज कोणती?