आपल्या नळाच्या धारेचा इतिहास

स्मरणिकेत भूमिपूजन, नोंदणी, गणेशोत्सव यांचा इतिहास येईलच. मी नळाचा लिहितो. कारण पंचवीस वर्षांत आपल्याकडे पाण्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी पार्किंगवरूनसुद्धा झाली नाहीत.

पुण्याला हे गणित जुनंच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं ते पंपाविना, नुसत्या उतारावर. त्या नळाच्या वाटेवर जागोजाग उच्छ्वास बांधले, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर पडावी. उंची, मोकळी वाट आणि हवा, या तिन्ही गोष्टी सांभाळल्या म्हणून शनिवारवाड्यापर्यंत पाणी पोचलं.

आपली इमारतही तशीच चालते. पंप पाणी फक्त गच्चीवर चढवतो, पुढचं काम उंचीचं. १० मीटर उंचीला साधारण १ किलोचा दाब मिळतो. तळमजल्याचा नळ टाकीच्या सुमारे १६ मीटर खाली, चौथ्या मजल्याचा जेमतेम ४ मीटर. म्हणजे वरच्यांना मुळातच पाव हिस्सा दाब!

बाराएक वर्षांनी चौथ्या मजल्याची धार करंगळीएवढी झाली. तिथल्या एक काकू दुखऱ्या गुडघ्यांनी खालच्या नळावरून बादल्या नेत. "खालचे लोक व्हॉल्व्ह फिरवतात," असा आरोप झाला आणि दोन घरांचं बोलणं बंद पडलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. प्लंबरला म्हटलं, आधी तपास, मग तोडफोड.

त्यानं नळाची जाळी काढली, खडे निघाले; पण धार फारशी वाढली नाही. अँगल कॉक पूर्ण उघडा होता. गच्चीवर मात्र वॉटरप्रूफिंगच्या वेळी हवेच्या पाइपला बूच बसलेलं सापडलं. म्हणजे आपला उच्छ्वासच बंद! ते काढल्यावर पाणी गुरगुरायचं थांबलं. शेवटी जीआय पाइपचा तुकडा कापला, तर आत गंजाचे थर. भोक निम्म्यावर आलं की पाण्याची वाट चौथाईवर येते. चोर सापडला, तो कुठल्याच मजल्यावर राहत नव्हता.

प्रश्न उरला पैशांचा. विशेष सर्वसाधारण सभेत तळमजल्याचे काही सभासद म्हणाले, आमच्याकडे पाणी व्यवस्थित येतं, आम्ही का भरायचं? तेव्हा तळमजल्याचेच एक आजोबा उठून म्हणाले, "टाकी सगळ्यांची, मग गंजही सगळ्यांचाच." ठराव एकमतानं झाला. सगळ्यांच्या वर्गणीतून सीपीव्हीसीचे पाइप आले, चौथ्या मजल्याला जाड व्यासाची स्वतंत्र लाइन मिळाली. बोलणं बंद असलेल्या दोन्ही घरांनी त्या दिवाळीला फराळाची ताटं बदलली.

पुढच्या कमिट्यांना एवढंच सांगणं: टाकी वेळच्या वेळी धुवा, नळाच्या जाळ्या साफ ठेवा, हवेचा पाइप बुजू देऊ नका. आणि सामायिक लाइनवर कुणालाही खासगी पंप बसवू देऊ नका. एकाच्या घरी वाढलेली धार दुसऱ्याच्या नळातून आलेली असते.