विद्यापीठ गावाचं काय लागतं?

पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात केंदूर आहे. वारकरी मंडळींना हे गाव संत कान्होराज महाराज पाठकांमुळे माहीत असतं. प्राचीन भारताचा इतिहास शिकणाऱ्यांना ते दुसऱ्याच कारणानं माहीत असतं. त्यांच्या पुस्तकांत ‘केंदूर ताम्रपट’ असा उल्लेख येतो. बदामीच्या चालुक्यांचा शेवटचा राजा दुसरा कीर्तिवर्मा याचा हा दानलेख शके ६७२ चा, म्हणजे इसवी सन ७५० च्या सुमाराचा आहे. भाषा संस्कृत. कीर्तिवर्म्याचा बाप दुसरा विक्रमादित्य पल्लवांच्या कांचीवर चालून गेला, शहर हाती आल्यावर त्यानं ते उद्ध्वस्त केलं नाही, उलट तिथल्या राजसिंहेश्वराच्या देवळाला सोनं परत दिलं, अशी हकिकत त्यात आहे. हा लेख कोरला गेल्यावर थोड्याच वर्षांत राष्ट्रकूट दंतिदुर्गानं चालुक्यांचं राज्य संपवलं.

का. बा. पाठक यांनी हा ताम्रपट वाचला. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात, १९०७-०८ साली, तो इंग्रजीत छापून आला. गावच्या संतांचं आणि ताम्रपट वाचणाऱ्याचं आडनाव एकच, हा निव्वळ योगायोग.

केंदूर माझं गाव. दहावीपर्यंत तिथं शिकलो, इंजिनिअरिंग पुण्यात केलं, आता आयटीत नोकरी करतो. शाळेत चालुक्य होते, पल्लव होते, परीक्षेला कांचीही होती. केंदूर नव्हतं. ते मला भेटलं मोबाईलवर, एका स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफमध्ये, तेही भलतंच काही शोधताना. आमच्या गावाच्या नावानं ओळखला जाणारा लेख विद्वानांनी वाचला, कलकत्त्याला छापला आणि तो ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन बसला. जायचा रस्ता होता. परत यायचा रस्ता कुणी बांधलाच नाही.

ज्ञान परत आणायचा एक रस्ता मात्र दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी आखला होता. त्याचं नाव सार्वजनिक व्याख्यान.

एक तरुण मास्तर आणि भिंतीवरचे तक्ते

इंग्लंडमध्ये १८६७ च्या सुमाराला केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट नावाचा विशीतला मास्तर उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत भाषणं द्यायला जाऊ लागला. श्रोते कोण, तर शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बायका, रेल्वे कारखान्यातले कामगार, सहकारी दुकानाचे सभासद. तरुण पुरुषानं बायकांना समोरासमोर प्रश्न विचारणं तेव्हा शोभणारं नव्हतं, म्हणून तो प्रश्न छापून द्यायचा आणि त्या उत्तरं लिहून पाठवायच्या. रॉचडेल गावी एकदा त्याचे तक्ते भिंतीवरच राहिले. पुढच्या खेपेला गेला तर कळलं, की लोक अधूनमधून त्या तक्त्यांसमोर जमून वाद घालत होते आणि त्यांना बरंच काही विचारायचं होतं. तेव्हापासून भाषणाला जोडून चर्चेचा वर्ग आला. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठानं ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

गंमत अशी, की या चळवळीतल्या दोन सगळ्यात चांगल्या गोष्टी विद्यापीठात ठरल्याच नाहीत. लेखी प्रश्नोत्तरं आली ती श्रोत्यांच्या अडचणीतून आणि चर्चेचा वर्ग आला तो श्रोत्यांच्या हट्टातून. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फीचर युजरनं मागितलं, कंपनीनं नंतर आपलं म्हटलं.

रानड्यांचा उन्हाळा

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढाकार न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचा. ही माला विद्यापीठाची नव्हती. त्या वेळी इकडचं विद्यापीठ म्हणजे १८५७ चं मुंबई विद्यापीठ आणि त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं. शिकवायचं कॉलेजांनी, पास-नापास ठरवायचं विद्यापीठानं. कॉलेजात न गेलेल्या माणसाचा या व्यवस्थेशी काही संबंधच यायचा नाही. रानड्यांनी ही पोकळी शहराकडूनच भरून घेतली. दर उन्हाळ्यात रोज एक वक्ता, एक विषय, आणि ऐकायला कुणीही यावं. ती व्याख्यानमाला आजही चालते.

पुण्याला नंतर या प्रकाराची चटकच लागली. १८ जानेवारी १९४३ रोजी रानड्यांच्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात बोलले आणि ते भाषण पुढे ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावानं पुस्तक झालं. जयंतीचं भाषण म्हणजे हार घालून गौरव, अशी सवय असलेल्यांनी ते जरूर वाचावं. हयात असलेल्या दोन सर्वांत मोठ्या पुढाऱ्यांना त्यांनी भर सभेत धारेवर धरलं आहे.

पण वसंत व्याख्यानमालेचं पुणं म्हणजे कुठलं पुणं, हाही प्रश्न आहे. संध्याकाळी मोकळा वेळ असलेलं, वर्तमानपत्र वाचणारं, बहुतांशी पेठेतलं पुणं. घोडनदीच्या बाजाराला गेलेला शेतकरी तिथं कसा पोचणार?

फुल्यांनी मांडलेला हिशेब

तो प्रश्न आधीच कुणीतरी विचारला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा साधा, हिशेबाचा होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वर ओतलेलं ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असं सरकार म्हणत होतं. फुल्यांना ते पटत नव्हतं, कारण झिरपलेलं कुठं दिसत नव्हतं. गावात साधी प्राथमिक शाळा धड नव्हती.

मला हा युक्तिवाद सार्वजनिक व्याख्यानांचा पाया वाटतो, फुल्यांनी तो शब्द वापरलेला नसला तरी. विद्यापीठानं गावात येऊन बोलणं हा उपकार नाही. शेतसाऱ्यातून, आणि आता आपण भरतो त्या प्रत्येक करातून, ते विद्यापीठ चालतं. मराठीत ‘लागणं’ हे क्रियापद नात्यालाही वापरतात आणि कर्जालाही: तो माझा काका लागतो, मी त्याचं देणं लागतो. विद्यापीठ आणि गाव यांच्यात दोन्ही अर्थ खरे आहेत. २०१४ पासून पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. त्या नावाबरोबर हा हिशेबही आला, असं मी धरतो.

बॅरिस्टर जयकरांचे दोन रस्ते

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ साली. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांचा जन्म १८७३ चा, केंब्रिजनं स्टुअर्टची पद्धत उचलली त्याच सालचा. विद्यापीठातल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांच्याच नावानं एक व्याख्यानमालाही आहे, आणि ती विद्यापीठाच्या आवारात होत नाही. बहिःशाल शिक्षण मंडळ ही विद्यापीठाची एक शाखा. बहिः म्हणजे बाहेर, शाला म्हणजे शाळा. पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या गावोगावी स्थानिक कॉलेज किंवा संस्थेला हाताशी धरून हे मंडळ डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला भरवतं. बहुधा तीन दिवस, तीन वक्ते, प्रवेश सगळ्यांना. पाणी, शेती, आरोग्य, कायदा, संत, शिवकाल असे विषय असतात.

जयकरांची दुसरी कामगिरी कमी लोकांना ठाऊक असते. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष जयकर होते. मोटारी वाढल्या होत्या आणि लांब पल्ल्याचे रस्ते सांभाळणं स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेलं होतं. समितीनं सुचवलं, की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. १९२९ साली तसा केंद्रीय निधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि ते रस्त्यालाच परत द्यायचे, इतकी सरळ कल्पना.

एकाच माणसाचं नाव रस्त्यांच्या निधीशी आणि गावातल्या व्याख्यानांशी जोडलेलं असावं, हे मला फार योग्य वाटतं. दोन्हीकडे हिशेब एकच आहे. जिथून घेतलं तिथं परत पोचवायचं.

मोबाईल हातात असताना कशाला?

आता तुमचा प्रश्न. हे सगळं यूट्यूबवर आहे की. एमआयटीचे वर्ग फुकट बघता येतात. मग खुर्च्या मांडा, माईक तपासा, पाहुण्यांना नारळ-शाल द्या, हे सगळं कशासाठी?

मी स्वतः अर्धंअधिक काम व्हिडिओ बघून शिकलो, त्यामुळे मोबाईलला नावं ठेवणार नाही. पण व्हिडिओत दोन गोष्टी नसतात. एक, तो केंदूरबद्दल नसतो. आणि दोन, त्याला अडवून विचारता येत नाही. ऐकण्याची सवय आमच्या गावांना नव्यानं लावायची गरज नाही. सप्ताहात दोन-दोन तास मांडी घालून कीर्तन ऐकणारी माणसं आहेत ही. ‘असं कसं म्हणता?’ असं मधेच उठून विचारायची जागा तेवढी हवी.

ती जागा प्रत्येक व्याख्यानात असते असंही नाही. आमच्या भागातल्या एका कॉलेजातलं व्याख्यान मी ऐकलंय. वेळ सकाळी अकराची. सभागृहात बसलेली पोरं हजेरीसाठी आणलेली, गावातलं कुणी नाही, कारण अकराला गाव रानात असतं. प्रास्ताविक, सत्कार आणि आभार यांत इतका वेळ गेला, की प्रश्नांना पाच मिनिटं उरली आणि ती चहानं खाल्ली. अहवालात मात्र ते यशस्वी झालं असणार. दार उघडं ठेवणं वेगळं आणि लोकांना येता येईल अशा वेळी ते उघडणं वेगळं.

हे जमू शकतं याचे दाखले लांब नाहीत. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी मुंबईची नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं व्याख्यानापेक्षा वेल्डिंग आणि शेतीची अवजारं जास्त बोलतात. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली तिथंच उभी राहिली. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकात शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होतात, मराठीतही. मोठा शास्त्रज्ञ समोर उभा आणि सातवीतली पोरगी हात वर करून विचारते. ते उत्तर ती जन्मभर विसरत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि ती आधी आपल्या गावातल्या मित्रांकडे आहे. व्याख्यानमाला मागावी लागते, ती आपण होऊन घरी येत नाही. तुमच्या गावच्या कॉलेजला, वाचनालयाला, तरुण मंडळाला विचारा. वेळ रात्री आठची घ्या, जेवणं उरकल्यावरची. सत्कार दहा मिनिटांत आटपा. भाषण पाऊण तास, प्रश्न पाऊण तास. पहिला प्रश्न बायकांकडून. आणि तीन विषयांतला एक आपल्याच शिवारातला असू द्या: विहिरीचं पाणी, ओढ्याचं नाव, देवळातला वीरगळ, काहीही.

केंदूरसाठी माझा विषय ठरलेला आहे. पुण्यातून कुणीतरी प्राचीन लिपी जाणणारा माणूस यावा. देवळापुढच्या मंडपात पांढरा पडदा लावावा, त्यावर ताम्रपटाचा ठसा दाखवावा आणि एकेक ओळ मराठीत सांगावी. मला खात्री आहे, कांचीच्या सोन्याची गोष्ट संपली की मागून कुणीतरी म्हातारं माणूस विचारेल, ‘ते राहू द्या. पण त्यांचा पत्रा आपल्या गावात आला कसा?’

तिथून पुढचं खरं व्याख्यान.