‘येण्याचे कारण’: लॉजच्या वहीची कुळकथा

कोल्हापुरात भवानी मंडपाच्या आसपासच्या एखाद्या जुन्या लॉजमध्ये शिरा. काउंटरवर जाड पुठ्ठ्याची लांबट वही आणि सुतळीनं बांधलेलं पेन दिसेल. नाव, वय, पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण. दमलेला प्रवासी पहिले रकाने नीट भरतो, शेवटच्यात ‘वरीलप्रमाणे’ची खूण ओढतो आणि किल्ली घेऊन जिना चढतो. हॉटेलधंद्यात आज ज्याला डेटा म्हणतात, त्याचं मूळ घर म्हणजे हे शेवटचे तीन रकाने.

ही वही पाहुणचारातून आलेली नाही, बंदोबस्तातून आली आहे. 1867 च्या सराई कायद्यानं ब्रिटिश मुलखातल्या सराईवाल्यांना आपली सराई जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नोंदवायला लावली. हुकूम आला की आदल्या दिवशी-रात्री कोण कोण उतरलं होतं, याची खबर तोंडी किंवा लेखी द्यायची. जास्त दिवसांची लेखी खबर हवी असेल तर कोरे तक्ते मॅजिस्ट्रेटच पुरवी. वहीतल्या रकान्यांचं कूळ मला त्या तक्त्यांत दिसतं. 1939 च्या नियमांनी परदेशी पाहुण्यांसाठी ‘फॉर्म सी’ आणला. तो पुढे ऑनलाइन भरला जाऊ लागला.

कोल्हापूर मात्र तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हतं, संस्थान होतं. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाट सोपी झाली. 1949 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

वहीतून पोलिसांना माणूस शोधता येतो, तसा मालकाला पुढचा आठवडाही शोधता येतो. हे दुसरं काम गणितात बसवलं विमानवाल्यांनी. केन लिटलवूड हे ब्रिटिश विमान कंपनी ‘बीओएसी’मध्ये होते. 1972 मध्ये त्यांनी एक साधा नियम मांडला. स्वस्त तिकीट आज विकायचं की महाग तिकिटाच्या गिऱ्हाइकासाठी जागा राखायची, हे ठरवण्याचा. हाच नियम लॉजला लावू. समजा, खोलीचं रोजचं भाडं 800 रुपये आहे आणि यात्रेत 1500 मिळतात. यात्रेकरू येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे 53 टक्क्यांपुढे असेल, तर खोली राखावी. नाहीतर समोरच्याला देऊन टाकावी. 1980 च्या दशकात मॅरियटसारख्या हॉटेलांनी ही रीत उचलली. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता भाव ठरवते, तेव्हा तिच्या पोटात मूळ प्रश्न हाच असतो. फक्त यात्रेकरू येण्याची शक्यता किती, याचा अंदाज ती हजारो जुन्या नोंदींवरून बांधते.

आणि इथंच कोल्हापूर तिची परीक्षा घेतं. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची. ही पौर्णिमा 2023 मध्ये 6 एप्रिलला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि 2024 ची पौर्णिमा 23 एप्रिलवर गेली. 2025 ची परत 12 एप्रिलला आली. ‘गेल्या वर्षी याच तारखेला’ असा हिशेब करणारं यंत्र खोल्या भलत्याच दिवशी महाग करील. उलट अंबाबाईचा किरणोत्सव सूर्याचा. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचण्याचे दिवस ठरलेले: नोव्हेंबरात 9 ते 11 आणि जानेवारीअखेर 31 पासून 2 फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे एकाच शहरातल्या खोल्या दोन पंचांगांवर भरतात. काउंटरवरच्या जुन्या मॅनेजरला हे तोंडपाठ असतं; यंत्राला तिथी शिकवावी लागते.

तिथी शिकवली तरी सगळं भागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पक्षकार आता इथं येतात. जुन्या आकड्यांना याचा गंधही नाही. ते फार तर सांगतील की कामाच्या वारी गर्दी वाढली. का वाढली, हे ‘येण्याचे कारण’ या रकान्यातला ‘कोर्टकाम’ हा एक शब्द सांगतो. मोबाइलवरून बुकिंग करताना हे कारण कुणी विचारतच नाही. फार तर काम की सहल, एवढंच.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडची सगळ्यात मोलाची माहिती सगळ्यात हयगयीनं भरली जाते. आणि जिची खरी जपणूक व्हायला हवी, त्या आधार कार्डाच्या झेरॉक्सचे गठ्ठे मात्र ड्रॉवरमध्ये उघडे पडलेले असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. पाहुण्याचं नाव आणि नंबर हा त्याचा ठेवा आहे, आपला माल नव्हे. अंदाजासाठी यंत्राला त्याची गरजही नसते. गाव, तारीख, किती जण, किती रात्री आणि कारण, एवढं पुरतं.

लॉजमालकांना विनंती एवढीच. जुन्या वह्या ठेवण्याची मुदत संपली की त्या तशाच रद्दीत घालू नका. नावं-नंबर वगळून तारीख, गाव आणि कारण हे तीन रकाने तेवढे उतरवून घ्या, शेजारी तिथी लिहा, आणि मगच वही फाडून टाका. आणि उद्या येणाऱ्या पाहुण्याला ‘वरीलप्रमाणे’ची खूण ओढू देऊ नका, आपुलकीनं विचारा, कशासाठी आलात?