आत्याचं मशीन

दिवाळीच्या आधी नगरहून आत्याचा फोन आला. (हो, अहिल्यानगर. २०२४ पासून कागदोपत्री नाव बदललंय, पण आत्याच्या तोंडी अजून नगरच.)

"अरे, गुडघे पार गेलेत माझे. डॉक्टर म्हणतात पायमशीन बंद करा. तू इंजिनियर ना? मग सांग, आता कुठलं मशीन घ्यायचं ते."

इंजिनियर असलो तरी माझी शिवणाची मजल तुटलेल्या बटणापलीकडे नाही. पण मनात लगेच ठरवून टाकलं, आत्याला उत्तमातलं उत्तम, स्क्रीनवालं कॉम्प्युटराइज्ड मशीन घेऊन द्यायचं. त्याला कारण आहे.

आत्याचं मशीन मुळात आजीचं. आजोबांनी १९५१ साली कापड बाजारातल्या एका शिंप्याकडून ते जुनंच घेतलं, महिना पाच रुपये हप्त्यानं. आजीची हौस म्हणून. १९६४ साली आजोबा अचानक गेले आणि हौसेचं मशीन पोटापाण्याचं झालं. आत्या सगळ्यांत थोरली, तेव्हा सोळा वर्षांची. मॅट्रिकचं वर्ष अर्ध्यात सोडून ती मशीनवर बसली. झबली, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, ब्लाउज... माझे बाबा पुण्याला जाऊन इंजिनियर झाले ते याच पैशांवर. घरात हे कुणी फारसं बोलत नाही. बाबांनी मला एकदाच सांगितलं, तेही गाडी चालवताना, समोर रस्त्याकडे बघत. १९७० साली आत्याचं लग्न ठरलं तेव्हा काकांचं म्हणणं होतं की मशीन घरातच राहू दे. आजी म्हणाली, "शाळा तिची गेली, मशीन तरी तिचं राहू दे." विषय संपला.

तर नवीन मशीन शोधायला बसलो आणि जुन्याच्याच इतिहासात अडकलो. माझं नेहमी असंच होतं!

आत्याच्या मशीनवर एक नंबर आहे, इंग्रजी वाय अक्षरानं सुरू होणारा. या अक्षराचे नंबर सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचे, १९२० आणि ३० च्या दशकांतले. म्हणजे आजोबांनी घेतलं तेव्हाच मशीन वीस-पंचवीस वर्षांचं असणार. तो कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव मात्र आजही 'सिंगर'च आहे. मशीनच्या काळ्या अंगावर सोनेरी रंगात एक बाईचं तोंड आणि सिंहाचं धड असलेलं चित्र होतं, आता अर्धं पुसलंय. लहानपणी मी त्याला नरसिंह समजत असे. तो इजिप्तचा स्फिंक्स निघाला.

मशीननं शिवण्याची कल्पना फ्रान्समधल्या थिमोनिए नावाच्या शिंप्यानं खरी करून दाखवली. १८३० साली पेटंट घेतलं, सैन्याचे गणवेश शिवायला कारखाना काढला आणि लगेचच पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येणार म्हणून त्याची मशीनं फोडून टाकली. साधारण त्याच सुमारास, १८३१ साली, आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशननं ठाणं मांडलं. पुढे सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण याच बाईंकडे नगरला घेतलं. मिशनच्या शाळांत मुलींना वाचण्याबरोबर शिवणही शिकवत, पण सुरुवातीला ते सगळं हातानं. कारण इलियास हाऊचं अमेरिकेतलं पेटंट १८४६ चं आणि आयझॅक सिंगरचं १८५१ चं.

मला विचाराल तर सिंगर कंपनीचा खरा शोध मशीन नाहीच. हप्ता! त्या काळी मशीनची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती, साध्या कुटुंबाला न झेपणारी. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क वकील होता. त्यानं १८५० च्या दशकात युक्ती काढली की थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्यामहिन्यानं फेडा. मशीन स्वतःच कमवून स्वतःचे हप्ते फेडतं. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी सिंगरची एजन्सी वाढवली, आणि इथेही हप्त्याची पद्धत आली. पहिली गिऱ्हाइकं साहेब लोक आणि पारशी कुटुंबं, मग शिंपी, मग हळूहळू आपल्यासारख्यांची घरं. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं, रमाबाई रानडे त्याच्या आधारस्तंभ. तिथे बायकांना शिवणकाम शिकवत, कारण उंबरठ्याच्या आत राहून चार पैसे मिळवता येतील अशी कामं होती तरी किती? यंत्रांवर तुटून पडणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका मुलाखतीत सिंगरच्या मशीनला सूट दिली होती.

आपलं देशी 'उषा' आलं १९३० च्या दशकात, कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंगचं. पुढे ती कंपनी लाला श्रीराम यांनी घेतली. आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं सिंगरच्याच 'पंधरा नंबर' जातीच्या साच्यावर निघाली. त्यांत लांब होडीसारख्या शटलऐवजी गोल बॉबिन असते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. क्लाइडबँक बंद पडून इतकी वर्षं झाली तरी आत्याच्या मशीनला बसणारी बॉबिन लुधियानाहून आजही येते आणि कुठल्याही दुकानात मिळते, ती या साच्यामुळे. (जपानी 'जानोमे' या नावाचा अर्थच सापाचा डोळा. गोल बॉबिन तशी दिसते म्हणून!) त्याच जानोमेनं १९७९ साली घरगुती कॉम्प्युटराइज्ड मशीन काढलं.

एवढं ज्ञान घेऊन मी नगरला गेलो आणि आत्याला रिक्षात घालून दुकानात नेलं. माझी तयारी जय्यत होती. शेकडो प्रकारचे टाके, काज आपोआप, सुईत दोरा ओवायलासुद्धा खटका. दुकानदारानं मशीन लावलं. आत्यानं पिशवीतून घडी केलेला गोधडीचा तुकडा काढला, चार पदर जुनं लुगडं आणि आत घोंगडीचा तुकडा. "यावरनं चालवून दाखवा." मशीन घुर्रर् करून थांबलं आणि स्क्रीनवर काहीतरी लाल अक्षरं आली. दुकानदार म्हणाला, हे त्या कामाचं नाही, बाई. प्रामाणिक माणूस.

मग आत्याचे प्रश्न. लाईट गेली की काय करायचं? (२००५-०७ च्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं, ते ती अजून विसरलेली नाही.) बिघडलं तर कोण बघणार? बोर्ड गेला तर पुण्याला पाठवावं लागेल, आठ-पंधरा दिवस. "आणि लग्नसराईत गेला तर?" दुकानदार हसला.

मी म्हटलं, "अगं पण आता तुला कशाला गिऱ्हाईक? हौसेनं शीव."

हे मी बोलायला नको होतं. आत्या काही बोलली नाही. नुसता तो गोधडीचा तुकडा परत घडी करून पिशवीत ठेवला.

शेवटी झालं असं. जुन्या मशीनला मागच्या बाजूला मोटर बसवली, दोन हजारांच्या आत काम झालं. चामडी पट्टा काढून खिळ्याला अडकवून ठेवलाय. लाईट गेली तर सूनबाई तो चढवून पाय मारेल. बसवणाऱ्यानं बजावलं की हे धूड सावकाश चालायला केलेलं आहे, मोटरनं पळवू नका आणि तेल रोज द्या. सूनबाईंना फॉल-पिकोची कामं घ्यायची होती आणि पिकोला झिगझॅग टाका लागतो, तो सिंगरला येत नाही. त्यांच्यासाठी एक साधं, खटक्याचं इलेक्ट्रिक झिगझॅग घेतलं. आधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. कॉम्प्युटराइज्ड मशीन वाईट असतं असं नाही हं. पुण्यात आमच्या शेजारच्या मुलीनं त्यावर भरतकामाचा चांगला जम बसवलाय. तिची कामं वेगळी.

मोटरचे पैसे मी दिले तर आत्या ऐकेना. बरीच बाचाबाची झाली. बाबा कॉटवर बसून ऐकत होते, ते मध्ये पडले नाहीत. शेवटी आत्या म्हणाली, "बरं, तू दे. पण मी फेडणार. महिना पाचशे."

काल नातीच्या फोनवरून पहिला हप्ता आला.