वालूरच्या बारवेचा प्लॅन

वालूरच्या बारवेचे ड्रोन व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे गाव. बारव गोलाकार, आणि पायऱ्या चक्रासारख्या वळत पाण्याकडे उतरणाऱ्या. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी ती साफ केली आणि ती सगळ्यांच्या मोबाइलवर आली. वरून घेतलेला फोटो बघून वाटतं, हाच तिचा प्लॅन. पण तो प्लॅन नव्हे. कॅमेऱ्याला काठ जवळ, तळ लांब. म्हणून एकाच रुंदीची पायरी वर मोठी दिसते, खाली लहान. त्या फोटोवर पट्टी ठेवून दगड घडवता येणार नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये शिकवतात ते मुळात एवढंच. बघणारा डोळा अनंत अंतरावर न्यायचा. मग सगळे किरण समांतर होतात आणि कागदाला समांतर असलेली लांबी खरीच्या खरी उतरते. वरून प्लॅन, समोरून एलिव्हेशन. (आमच्या हॉस्टेलवर काचेखाली बल्ब लावून एकाच शीटवरून अख्ख्या वर्गाच्या 'जीटी' निघायच्या. रेषा सुबक यायच्या, डोळा मात्र जागचा हलायचा नाही.)

ही दोन दृश्यं जोडायची रीत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गास्पार मोंजनं पक्की केली. प्रश्न किल्ल्याचा होता: शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात आतलं काही येऊ नये, तर तट किती उंच हवा? लांबलचक आकडेमोडीचं काम त्यानं रेषांनी केलं. लष्करानं ती पद्धत गुपित ठेवली. 1795 साली पॅरिसमध्ये त्यानं ती उघडपणे शिकवली. आपल्याकडे 1854 मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडवायला. अशा कामात नकाशा काढणारा एक, बांधणारा दुसराच.

मग त्याआधी देवळं, बारवा कशा उभ्या राहिल्या? भोपाळजवळच्या भोजपूरला उत्तराचा एक तुकडा दिसतो. तिथलं अकराव्या शतकातलं शिवमंदिर अर्धवटच राहिलं, पण भोवतालच्या खडकांवर कोरलेले त्याचे आराखडे अजून आहेत. रेषा खडकावर आणि काम शेजारीच. शंका आली की आखणाऱ्याला हाक मारायची.

वालूरला हाक मारायला कुणी उरलेलं नाही. तिच्या पायऱ्यांचा सगळ्यात सोपा नातेवाईक म्हणजे सिलिंडरवरचा हेलिक्स. प्लॅनमध्ये तो नुसतं वर्तुळ दिसतो, एलिव्हेशनमध्ये लाट. सिलिंडरचा पृष्ठभाग उलगडला की सरळ तिरकी रेषा. गवंड्याला ही शेवटची पुरते: दर पायरीला तेवढंच पुढे, तेवढंच खाली. आपल्याला तिन्ही लागतात, कारण उद्या एखादी पायरी निखळली तर तो दगड किती खोलीवर, किती फिरवून बसवायचा, हे कागदानंच सांगायचं आहे. त्यासाठी कुणीतरी टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन खाली उतरायला हवं. उन्हाळ्यात, पाणी तळाला असताना.